चालत्या पायाची

गिटारच्या खुंट्या पिळून पिळून बेनझीरची बोटं लाल झाली होती, आणि गिरणी काही तिच्या तारांना लागत नव्हती.

"वर गेलीय," ती म्हणाली. "वृषे, गिरणी वर गेलीय."

"गिरणी कुठं जातीय वर?" पट्ट्याच्या पलीकडून शालनअक्का ओरडली. गिरणीत सगळं ओरडूनच बोलावं लागतं. "हितंच हाय की ती. तुमचंच काय तरी खाली आलं असंल."

भिंतीकडेच्या बाकावर दळणाचे डबे मांडीवर घेऊन बसलेल्या बायका हसल्या. मीही हसले. दारात हेडफोन गळ्यात अडकवून उभे असलेले सबनीस मात्र हसले नाहीत. पिठापासून जपायला त्यांनी दोन्ही माइक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले होते, आणि तरी सारखे फुंकर मारून बघत होते. पुण्याहून गाडी करून ते या माळावरच्या मांजरठाण गावात आले होते, ते फक्त आमचं एक गाणं घेऊन जायला.

आमची दोघींची एक रीत होती. गाणं जिथं सुचलं तिथंच ते गायचं, तिथंच ध्वनिमुद्रित करायचं, आणि गायच्या आधी वाद्य त्या जागेच्या सुराला लावायचं. प्रत्येक जागेला स्वतःचा एक सूर असतो, हे बेनझीरचं म्हणणं. कृष्णेवरच्या नावेचं डिझेल इंजिन एका सुरात घुमतं, गुऱ्हाळाचा चरक दुसऱ्या, आणि जतच्या बाजूला माळावर विजेच्या तारा वाऱ्यात तिसरंच काही म्हणत असतात. तो सूर हार्मोनियमच्या कुठल्याही पट्टीत सापडेलच असं नाही. बऱ्याचदा तो दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत असतो. पण बेनझीर मिरजेच्या सतारमेकरांच्या घरातली. वडिलांच्या दुकानात तारांची जवारी, म्हणजे त्यांचा झणझणता नाद, ऐकतच ती मोठी झाली, त्यामुळे फटीतला सूर तिला दिसायचा. सतारीच्या घरात गिटार घेऊन बसते म्हणून वडिलांनी वर्षभर तिला टोमणे मारले, आणि मग एक दिवस स्वतःच त्या गिटारला चिकारीच्या, म्हणजे सतारीतल्या झंकाराच्या, दोन तारा बसवून दिल्या. "निदान थोडी तरी आपल्यातली दिसू दे," म्हणाले.

मी गायचे आणि शब्द लिहायचे. एसटीत कंडक्टरनं "किती?" विचारलं की आम्ही दोघी एकदम "दोन" म्हणायचो. सांगलीत पहिल्या कार्यक्रमाला कुणीतरी नाव विचारलं, तेव्हा बेनझीरच्या तोंडून तेच निघालं. दोन तिकिटं. पुढं तेच नाव राहिलं.

गिरणीचं गाणं आम्हाला त्या आधीच्या थंडीत सापडलं होतं. आटपाडीकडून येताना गाडी बंद पडली, दुसरी यायला वेळ होता, ऊन टाळायला म्हणून आम्ही या गिरणीत शिरलो. शालनअक्का एकटीच गिरणी चालवायची. तिनं आधी विचारलं, दळण कुठाय? नाही म्हटल्यावर विचारलं, मग आलाय कशाला? आणि लगेच पुढचा प्रश्न, कुणाच्या गं तुम्ही?

गावात शिरलं की सगळीकडे हाच प्रश्न. कुणाची तू? त्याचं उत्तर म्हणून बापाचं नाव द्यायचं असतं, नाहीतर नवऱ्याचं. मी नुसतीच तिच्याकडे बघत राहिले. पण डोक्यात ओळ आली, आणि दुसरी गाडी यायच्या आत गाणं झालं:

कुणाची गं तू, वाट विचारी,
चालत्या पायाची, सांग तिला.

गिरणीच्या त्या खोल, दमदार घरघरीला बेनझीरनं तारा लावल्या आणि मी गायले. बाकावरच्या एका मुलीनं ते मोबाइलवर घेतलं. ते कसं कुणाकडून कुठं गेलं माहीत नाही, पण उन्हाळ्यात सबनीसांचा फोन आला. पुण्याच्या एका संगीत कंपनीसाठी ते नवी गाणी शोधायचे. हिवाळ्यात त्यांचा संग्रह निघणार होता, पाठोपाठ शहराशहरांतून कार्यक्रम. आमचं गाणं त्यांना सगळ्यात पहिलं हवं होतं.

आम्ही पुण्याला गेलो. काचेच्या खोलीत, त्यांच्या पट्टीत, गिरणीशिवाय गायलो. एक सूर चुकला नाही. आणि गाणं स्नेहसंमेलनात उभ्या केलेल्या पोरासारखं हात मागे बांधून उभं राहिलं. सबनीसांनाही ते कळलं, हे मी मान्य करते. कान होता त्या माणसाला. ते म्हणाले, ठीक आहे, गावातच जाऊ. पण एक दिवस. आणि मोबाइलवर आहे तस्संच पाहिजे, तोच सूर, तीच लय, लोकांच्या कानात ते बसलंय. संध्याकाळपर्यंत तसं मिळालं तर करारावर सह्या. नाही मिळालं तर ती पहिली जागा दुसऱ्या कुणाची.

दुसरं दार आम्हाला माहीत नव्हतं. तोवर आमची गाणी आम्ही, आमचे नवरे-भाऊ आणि मिरजेतले दहा-वीस मित्र एवढ्यांनीच ऐकली होती.

आणखी एक गोष्ट होती. मला पाचवा महिना चालू होता. धैर्यशीलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि बेनझीरला माहीत होतं. सबनीसांना नाही. ढगळ कुर्ता घातला की कळत नव्हतं. बेनझीरचं मत पडलं, सही होईपर्यंत कुर्ता ढगळच बरा.

तर "तस्संच" गायचं म्हणून आम्ही आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडली. गावात पोचून तारा लावायच्या, ते सोडून मिरजेतच मोबाइल कानाला लावून त्या जुन्या सुराला लावल्या. मीही रोज त्याच सुरात गायचे. माझा श्वास आता आखूड झाला होता. ओढ्यात दगड हेरून ठेवावेत तसे मी श्वास घ्यायची ठिकाणं हेरून ठेवली होती. आणि इथं आलो तर ओढाच सरकलेला.

"अशी कशी वर जाईल?" सबनीसांनी विचारलं. "मशीन आहे ते."

"नवी डीपी बसली की. लाइट फुल येतीय," शालनअक्का म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पीठ होतं आणि पिठावर अभिमान. "मागच्या टायमाला तुम्ही आलता तवा गव्हाला पाणी चाललंतं. सगळ्या हिरींवर मोटारी. बल्ब नुसता निखाऱ्यावानी. गिरणी ओढत न्हवती, रडत हुती. आता बगा."

ज्याला आम्ही मांजरठाणचा सूर म्हणत होतो, तो गिरणीचा दमलेला आवाज होता.

सबनीसांनी विचारलं, जरा वेळ हळू नाही का चालवता येणार? अक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाकावरच्या बायका पुन्हा हसायच्या बेतात आल्या. "दमून दमून दळायचे दिस गेले, सायेब. परत कशाला?"

मग त्यांनी दुसरा उपाय काढला. गिरणी बंद असताना तुम्ही जुन्या सुरात गा. गिरणीचा आवाज मी वेगळा घेतो, पुण्यात मशीनवर खाली ओढून गाण्याखाली लावतो. "कुणाला कळणार आहे?"

"मला," बेनझीर म्हणाली, आणि पुन्हा खुंटी पिळायला लागली. आता ती तारा गिरणीकडे वर चढवत होती. वरची ओळ आधीच माझ्या आवाजाच्या काठावर होती. आता ती काठाच्या पलीकडे जाणार होती.

मी उठले. उठताना कमरेवर हात गेला असावा. पट्ट्यापाशी उभी असलेली अक्का माझ्याकडे बघत होती. तिनं काहीतरी विचारलं, मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं पुन्हा विचारलं, मी हसून मान हलवली. तेवढ्यात चाडीतलं धान्य संपलं, तिनं बटण दाबलं, गिरणी घरघरत थांबली, आणि गिरणीवरून ऐकू जावं म्हणून काढलेला तिचा आवाज त्या शांततेत सबंध पत्र्यावर आपटला.

"म्हन्ते, पोटुशी बाईनं अशी ताटकळत उभं ऱ्हाऊ नये. बस खाली."

बेनझीरनं डोळे मिटून घेतले. सबनीसांनी गळ्यातले हेडफोन काढून हातात घेतले.

बाहेर बाभळीच्या सावलीत त्यांनी आधी माझं अभिनंदन केलं. खोटं नव्हतं ते. मग मोबाइल काढून तारखा बघत राहिले, त्या त्यांना पाठ असतानाही. कार्यक्रम नेमके माझ्या बाळंतपणाच्या दिवसांत येत होते. त्यांनी ते फार हळुवारपणे मांडलं. त्यांच्याकडे एक मुलगी होती, तयारीची, आवाज माझ्या जवळचा. ती गाईल. शब्द माझे राहतील, नावही जाईल. बेनझीर आहेच गिटारला. मी घरी निवांत राहावं. या दिवसांत जपायला हवं, त्यांच्या बहिणीचं त्यांनी पाहिलेलं होतं.

"तुमच्या सोयीसाठीच म्हणतोय, वृषालीताई. आणि खरं सांगू का, आज तुम्हाला दम लागतोय. मघाशी माइक तपासताना मला हेडफोनमधून ऐकू आला."

"येणारच," मी म्हटलं. "ती मुलगी इथं येऊन गाईल का?"

"इथं कशाला? स्टुडिओत. गाणं आता तयार आहे की."

त्यांना वाटलं असेल मी विचार करतेय. मी समोरच्या रस्त्याकडे बघत होते. ज्या वळणावर आमची गाडी बंद पडली होती ते वळण तिथून दिसत होतं. कुणाची तू, या प्रश्नाला बापाचं नाव न देता मी एवढं एकच उत्तर कमावलं होतं, आणि तेही आता दुसरी बाई देणार होती, काचेआड, माझ्या सोयीसाठी.

मी आत गेले. "अक्का, पुढचं दळण कुणाचं?"

"सुमनचं. जोंधळं हायत."

"टाका."

बेनझीरनं वर बघितलं. बाहेर काय झालं असेल हे तिनं माझ्या तोंडावरून वाचलं असावं. तिनं गिटारकडे मान केली. "गिरणीच्याच सुराला लावलीय. खूप वर आहे, वृषे. आवाज मोडेल."

"मोडू दे. मोडलेलं गाऊ."

तिनं आमचा छोटा रेकॉर्डर पिशवीतून काढून पिठाच्या रिकाम्या डब्यावर ठेवला. कुणीही मुद्रित करत असलं तरी आपला एक चालू ठेवायचा, ही रीत तरी आम्ही मोडली नव्हती. सबनीस आत आले, हेडफोन चढवले. अक्कानं जोंधळे चाडीत ओतले आणि बटण दाबलं.

नव्या वेगाची गिरणी पायाखालून वर आली. मी बसून गायले, अक्कानं सरकवलेल्या पोत्यावर. पहिलं कडवं मी दगड शोधत शोधत पार केलं. श्वास भलत्याच ठिकाणी घ्यावे लागत होते आणि ते ऐकू येत होते, मी ते लपवायचं सोडून दिलं. दुसऱ्या कडव्यात बायकांची कुजबुज थांबली. बेनझीर चिकारी झणझणवत माझ्या पुढं चालत होती, कधी नव्हे इतकी बेफाम. मग शेवटची फेरी आली, ज्यात आवाज वर न्यायचा होता.

कुणाची गं तू, वाट विचारी,

आणि मी थांबले.

तोंड उघडंच होतं. पुढची ओळ जिभेवर होती. गिरणी चालू होती, पीठ पडत होतं, बेनझीर एका तारेवर हात ठेवून माझ्याकडे बघत वाजवत राहिली. तिनं थांबवलं नाही, खूणही केली नाही. किती वेळ गेला ते मला तेव्हा कळलं नाही. मग मी ती ओळ उचलली. वर जाताना आवाज मधेच तडकला, तसाच तो पुढं गेला, आणि पोचला.

चालत्या पायाची, सांग तिला.

जोंधळे संपले. सुमननं आपला डबा उचलला आणि उगाचच पदरानं डोळे पुसले, म्हणाली, पीठ गेलं.

सबनीसांनी हेडफोन काढले. "मी म्हणालो होतो त्यापेक्षा वेगळं आहे," ते म्हणाले. "पण हे चांगलंय. सूर वर गेला तरी हरकत नाही, मी वरच्यांना समजावेन. तुमच्या आवाजातच ठेवू, तुम्हीच गा. कार्यक्रमांचं नंतर बघू." एवढं सगळं देऊन झाल्यावर ते म्हणाले, "फक्त ती शेवटची गॅप. शब्द विसरलात ना? होतं तसं. तेवढी जोडून घेतो."

"विसरले नाही."

"मग?"

"ती राहू दे."

त्यांना मी गंमत करतेय असं वाटलं. गाण्यात असं भोक ठेवतात का, लोकांना वाटेल मोबाइल बंद पडला. बरं, जोडायची नसेल तर पुन्हा एकदा गा, अजून दळणं आहेत. मी नाही म्हटलं. मग त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं असतं तर एखादेवेळी त्यांना ते फार आवडलंही असतं. जाहिरातीच्या फलकावरही आलं असतं. म्हणूनच नाही सांगितलं. आणि सगळ्यांत आधी कळायला ते कोण होते?

"कारण नाही. असंच आहे गाणं."

"ताई, असल्या हट्टानं काही होत नसतं. मी तुमच्यासाठी एवढा वाकलो. तुम्ही एक जागा सोडू शकत नाही?"

"ती नाही."

ते बेनझीरकडे वळले. ती समंजस वाटायची सगळ्यांना, चष्म्यामुळे. तिला माझं कारण ठाऊक नव्हतं. तीही माझ्यासारखीच सहीची वाट बघत होती. दुकानात वडिलांसमोर तो करार ठेवायचा, असं तिनं मला दोनदा सांगितलं होतं. ती खाली बघून वायर गुंडाळत होती.

"तुम्ही तरी सांगा यांना."

"ती म्हणतेय असंच आहे," बेनझीर म्हणाली. "मग असंच आहे."

"मग करार होणार नाही."

"नका करू."

शालनअक्कानं मधेच तोंड घातलं. "एकदा दळल्यालं परत दळत न्हाईत, सायेब. कडू हुतंय."

सबनीसांनी माइकवरच्या पिशव्या झटकल्या. जाताना विट्यापर्यंत सोडू का म्हणून विचारलं, तेवढा भलेपणा त्यांच्यात होता. आम्ही म्हटलं, गाडी येईल आमची. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी पुन्हा त्या पोत्यावर बसले. अक्कानं आम्हाला चहा दिला आणि म्हणाली, आता कुणाच्या म्हणून विचारत न्हाई, पर पुढच्या टायमाला दळण घेऊन या.

एसटी आली. कंडक्टरनं "किती?" विचारलं, बेनझीर एकटीच "दोन" म्हणाली. तिकिटं फाडून तो पुढं गेल्यावर ती म्हणाली, "आता सांग. का थांबलीस?"

मी तिचा हात घेतला. तारांनी चरे पडलेली बोटं. कुर्त्यावरून पोटाच्या डाव्या बाजूला ठेवला.

"हललं. पहिल्यांदा."

तिनं हात काढला नाही. म्हणाली, "कुठल्या ओळीला?"

"तुला माहितीय."

"वाट विचारीच्या नंतर."

"हं."

तिनं खिडकीबाहेर तोंड केलं. माळ मागं पळत होता. मग तशीच बाहेर बघत म्हणाली, "तालात होतं का?"

"जरा आधी आलं."

"मग तुझ्यावरच गेलंय."

आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. हसता हसता तिनं चष्मा काढला आणि कुर्त्यानं पुसत राहिली.

गाणं आम्हीच बाहेर काढलं, आमच्या छोट्या रेकॉर्डरवरचं. त्यात पिठाची किरकिर आहे आणि माझा दमही आहे. सुरुवातीला ते आमच्याच माणसांनी ऐकलं, मग त्यांच्या माणसांनी. आता कार्यक्रमात ती जागा आली की लोक आपोआप श्वास धरतात. का थांबतो, ते आम्ही कधी कुणाला सांगितलेलं नाही. बेनझीरच्या वडिलांनी एकदाच ऐकलं आणि म्हणाले, ही जागा कुणी शिकवली? तिनं म्हटलं, आमच्या तिसरीनं. त्यांना वाटलं, एखादी उस्तादीण असेल.

परवा सबनीसांचा फोन आला होता, बेनझीरला. ते आता मोठ्या कंपनीत आहेत. एका सिनेमाला आमचं गाणं हवंय, तीच तडकलेली ओळ, तीच गिरणी. फक्त मधली गॅप तेवढी बंद करायची, पडद्यावर तेवढा वेळ नाही. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी एका हातानं पोळी भाजत होते आणि फोन खांद्याला धरला होता. आमची तिसरी, दुर्वा, ओट्याजवळ स्टुलावर बसून गूळ-पोळी खात होती. तिच्यासाठी म्हणून मी मघाशी ते गाणं लावलं, तर म्हणाली, गिरणीचं नको, त्यात फार आवाज होतो, नावेचं लाव.

"काय सांगू त्यांना?" बेनझीर विचारत होती.

"सांग, तिथं गाणं थांबलेलं नाहीये. पुरतं घेणार असाल तर घ्या."

"आणि का म्हणून विचारलं तर? या वेळी विचारतील बघ."

"विचारू दे. वाटसुद्धा विचारतेच की."

पलीकडून ती हसली. पोळी फुगली. नावेचं गाणं कुठल्यातरी कडव्यात होतं, आणि स्टुलाच्या लाकडावर एक छोटी टाच आपटत होती, तालाच्या जरा आधी.